शेवटच्या पानाचं पाकीट

दादांनी विज्ञानकथा मंडळ काढलं तेव्हा दर शनिवारी सात कप चहा मी जिना चढवून न्यायची. बाइंडरच्या दुकानावरची ती खोली, सरसाचा वास, खिडकीला अर्धीच काच. दादा दवाखान्यात कंपाउंडर. आठवडाभर बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायचे आणि शनिवारी चार वाजले की ताऱ्यांपलीकडे निघायचे. तेव्हा वहिनी होत्या. म्हणायच्या, "घरातला नळ गळतोय, आणि हे मंगळावर पाणी शोधतायत!"

मंडळाचा नियम दादांनीच घातला होता. ज्याची कथा त्याने वाचायची, पण शेवटचं पान पाकिटात बंद करून घरी ठेवायचं. बाकीच्यांनी शेवटाचा अंदाज वहीत लिहायचा. पुढच्या शनिवारी पाकीट फोडायचं. एका कथेचा शेवट कळल्याशिवाय दुसरी सुरू करायची नाही.

वीस वर्षं छान चाललं. मग टायपिस्टभाऊंनी यानाची कथा आणली. फार लांब गेलेलं यान, आणि इकडे तळावर रोज ठरल्या वेळी रेडिओ लावून बसणारी एक बाई. यान परत येतं की नाही? तिथे थांबून ते हसत हसत घरी गेले आणि गुरुवारी छातीत कळ येऊन वारले.

पाकिटाचं विचारलं तर त्यांचा मुलगा म्हणाला, "शोधतो." शोधतो म्हणणाऱ्याला कधी काही सापडलंय?

"दादा, नवी कथा घेऊ या," शाळामास्तर म्हणाले. दोन खुर्च्या मोडल्यापासून त्यांना सगळे गुरुत्वाकर्षण म्हणत.

"नियम म्हणजे नियम."

"अहो, आता यान आलं तरी आतली माणसं म्हातारी झाली असतील!"

सगळे हसले. दादा हसले नाहीत. अकरा वर्षं तीच एक कथा. एकेक जण यायचा थांबला, मास्तर तर कायमचेच गेले, बाइंडरने दुकान विकलं. शेवटी मंडळ दादांच्या कॉटशेजारी भरू लागलं. ते आणि वही. चहा दोन कप.

गेल्या महिन्यात टायपिस्टभाऊंची सून दारात आली. "कपाट विकायला काढलं, तर हे फळीमागे अडकलेलं." तेच पाकीट. डॉक्टरांनी दादांचे दिवस मोजायला सांगितले होते.

"फोडू का, दादा?"

"वार कोणता?"

"मंगळवार."

"मग?"

एरवी मी देवाकडे काही मागत नाही. त्या चार दिवसांत रोजच्या जपानंतर एवढंच म्हणायची, शनिवारपर्यंत ठेव. त्याने ठेवलं.

शनिवारी चारला पाकीट फोडलं. वर टाइप केलेला पानाचा आकडा, सतरा. खाली काही नाही. उलटून पाहिलं. तिथेही नाही.

दादा डोळे मिटून वाट बघत होते. खोटं न बोलण्याचा माझा नेम जुना आहे. 'यान आलं', दोनच शब्द होते, अगदी ओठावर आले होते.

"कोरं आहे, दादा."

त्यांनी हात पुढे केला, पान घेतलं आणि दोन्ही बाजूंनी चाचपलं.

"म्हणजे त्यालाही सुचलं नव्हतं," ते म्हणाले. "अंदाज वाचून आमच्यातलाच एखादा उचलणार होता, चोर." मग म्हणाले, "वही घे. तुझा अंदाज लिही."

एकतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "मी कुठे सभासद?"

"चहा काय तिऱ्हाइताने आणला? लिही."

"यान येत नाही."

"आणि बाई?"

"ती बसते रोज. दुसरं काय करणार?"

दादांनी मान हलवली. "मलाही तेच वाटायचं. वहीत मात्र 'येतं' लिहिलं. त्याला वाईट वाटलं असतं." मग भिंतीकडे वळून म्हणाले, "मास्तरांचं ऐकायला हवं होतं गं. किती कथा राहिल्या."

बुधवारी ते गेले.

नंतरच्या शनिवारी चार वाजता पातेल्यात दोन कपांचं पाणी घातलं. लक्षात आलं, तसं एक कप ओतून दिलं.