रकाना रिकामा ठेवू नये

भालचंद्र इंदापूरकरांचा एका गोष्टीवर अढळ विश्वास होता: सरकारी तक्त्यातला रकाना रिकामा ठेवू नये. घरात मीठ संपलं तरी चालेल, पण रकाना भरलेला हवा. ग्वाल्हेर दरबारच्या शिक्षण खात्यात १९३२ साली चिकटल्यापासून त्यांनी हे व्रत पाळलं होतं. दरबार गेला, मध्य भारत आला, आता तोही जाऊन एक नोव्हेंबरला नवा मध्य प्रदेश येणार होता, आणि राजधानी होणार होती भोपाळ. कानामागून आली अन् तिखट झाली, असं जयेंद्रगंजातली समस्त मराठी मंडळी एकमुखानं म्हणत होती. म्हणत होती आणि सामान बांधत होती.

भालचंद्ररावांचं मात्र भोपाळशी काहीच वाकडं नव्हतं. तिथं पाठ्यपुस्तक विभागाला प्रमुख हवा होता. चोवीस वर्षांची नोकरी गाठीशी होतीच, वर 'जगातील धर्म' हा आठवीचा धडा वेळेत पोचला की खुर्ची आपलीच, असा त्यांचा हिशेब. धड्याच्या शेवटी तक्ता होता. धर्म, संस्थापक, स्थापनेचं वर्ष, ठिकाण. बाकीचे धर्म त्यांनी दोन दुपारीत उरकले. हिंदू धर्माच्या संस्थापकापुढे 'अनादि' लिहिलं, कारण घरच्या धर्माला सवलत देणं हा मनुष्यस्वभाव आहे. अडलं यहुदी धर्माशी. एक पुस्तक म्हणे अब्राहाम, दुसरं म्हणे मोशे, आणि वर्षाच्या बाबतीत दोन्ही मूग गिळून बसलेली.

सत्तावीस ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी खोक्यांना खिळे ठोकायचे आणि रविवारी पहाटे ट्रक निघायचा. भालचंद्ररावांनी सायकल काढली आणि थेट हजीरा गाठला. तिथं शेलोमो किहीमकर राहत. छोट्या रेल्वेगाडीवरचे निवृत्त गार्ड, मूळचे कुलाब्याकडचे बेने इस्राएल, घरात मराठीच बोलणारे. अख्ख्या ग्वाल्हेरात भालचंद्ररावांच्या ओळखीचा यहुदी असा हा एकच, त्यामुळे अधिकारी पुरुषही तोच.

"या भालचंद्रराव. चहा थर्मासातला आहे बरं, आज चूल नाही."

"चहाचं राहू द्या काका. तुमचा धर्म कोणी स्थापन केला, तेवढं एका ओळीत सांगा. जल्दी आहे."

म्हातारा हसला. "अब्राहामाला विचाराल तर तो म्हणेल, बाबा रे, मला देवानं घर सोड म्हटलं, मी सोडलं. स्थापना-बिपना मला ठाऊक नाही. मोशे म्हणेल, मी लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढलं, डोंगरावरून नियम आणून दिले, पण देवानं वचन दिलेल्या देशात मलाच आत सोडलं नाही."

"म्हणजे मोशे लिहू?"

"मग बाबेलचं काय? आमचा राजा गेला, मंदिर जळलं, लोकांना कैद करून बाबेलला नेलं. परक्या गावात बसून त्यांनी पोथ्या जमवल्या, सांभाळल्या. कोणी म्हणतं, खरी सुरुवात तिथं झाली. तुम्ही काय लिहाल?"

भालचंद्ररावांनी घड्याळ पाहिलं. चार हजार वर्षं एकीकडे आणि साडेचार वाजलेले एकीकडे.

"आणि हो," काका रंगात आले होते, "मिसरमधून सुटल्यावर आमची मंडळी रानात बसून काय करत होती, माहितीये? रडत होती. तिथल्या काकड्या आठवून, कांदे आठवून, लसूण आठवून. गुलामी कोणाला आठवली नाही."

भालचंद्रराव मनापासून हसले. किती मूर्ख लोक! मग आठवण झाली म्हणून त्यांनी दरबारी दसऱ्याचा विषय काढला, पूर्वी पानसुपारी कशी चांदीच्या तबकातून यायची, आणि आताच्या सरकारात कसं काही राम नाही, हे पाच मिनिटं सांगितलं.

"ठीक आहे, एक वर्ष तरी सांगा. अंदाजे. आणि खाली सही करा, जाणकार म्हणून."

"आज शनिवार, आमचा विसाव्याचा दिवस. बोलतो, लिहीत नाही. उद्या या."

"उद्या ट्रक जातो, काका!"

"जाऊ द्या. आमच्या पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, तेव्हा सात पुरुष नि सात बायका वाचल्या म्हणतात. पोथ्या बुडाल्या. भाषासुद्धा विसरलो. तेलाचे घाणे चालवले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. गाव 'शनवार तेली' म्हणायचं. कागद बुडाला म्हणून काय आम्ही नव्हतो? वर्ष नाही माझ्याकडे, भालचंद्रराव. रकाना कोरा ठेवा ना."

कोरा! भालचंद्ररावांच्या अंगावर काटा आला. कुठे राजा भोजाच्या नगरीत जाणारा सरकारी तक्ता आणि कुठे हे शनवार तेली, असं मनाशी म्हणत ते दफ्तरात परतले आणि ठसठशीत अक्षरात लिहून मोकळे झाले: संस्थापक मोशे, स्थापना इ. स. पू. १२५०, ठिकाण सिनाय पर्वत. शून्यानं संपणारा आकडा दिसायलाही विश्वासू दिसतो.

आता खोक्यात धड्याला जागा नव्हती. वरच एक गठ्ठा होता, विभागातल्या सगळ्यांच्या सर्व्हिस बुकांचा. कोण कधी लागला, कोणत्या हुकुमानं लागला, त्याची ती चोपडी. भालचंद्ररावांनी गठ्ठा उचलून व्हरांड्यात ठेवला. दुसऱ्या ट्रकनं येईलच की! धडा आत गेला आणि खिळे बसले.

दुसरा ट्रक सरकारी होता, त्यामुळे तो आला नाही. व्हरांडा कोणीतरी दिवाळीसाठी झाडून घेतला. दौलतगंजात त्या वर्षी शेव छान जाड, रेघा मारलेल्या कागदाच्या पुड्यांत मिळत होती, असं अनसूयाबाईंनी नवऱ्याला, म्हणजे भालचंद्ररावांना, कौतुकानं सांगितलं.

जानेवारीत भोपाळला ज्येष्ठतेची यादी लागली. भालचंद्ररावांनी वरून वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावर नाव नव्हतं. दुसऱ्यावरही नव्हतं. शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत होतं: भा. वि. इंदापूरकर, प्रथम नियुक्ती १ नोव्हेंबर १९५६.

ते धावतच बाबूच्या टेबलाशी गेले. "अहो, मैं बत्तीस सन से हूँ! चौबीस साल!"

"काग़ज़?"

"काग़ज़... था।"

बाबू भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, पाणीही मागवलं. "देखिए पंडितजी, सर्विस बुक आई नहीं। तारीख़ का खाना खाली तो छोड़ नहीं सकते। हमने अंदाज़ से भर दिया।"

कागद बुडाला म्हणून मी नव्हतो का, असं भालचंद्ररावांना ओरडायचं होतं. पण हे वाक्य आपलं नव्हे, हे त्यांना आठवलं आणि सेहेचाळिसाव्या वर्षी, अनोळखी कचेरीत, त्यांना रडू आलं. शरमेचं होतं ते. चोवीस वर्षं पुसणारा आणि चार हजार वर्षं पुसणारा, दोघांचं अक्षर सारखंच वळणदार होतं.

सर्वांत कनिष्ठ म्हणून त्यांना मुद्रितं तपासायला बसवलं. आठवड्याभरात 'जगातील धर्म' टेबलावर आला. भालचंद्ररावांनी तक्ता काढला, लाल पेन्सिल उचलली, मोशेचं नाव खोडलं, १२५० खोडलं, आणि समासात काही लिहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा दोन रकाने कोरे ठेवून त्यांनी कागद वर पाठवला आणि त्या रात्री ते शांत झोपले.

तिसऱ्या दिवशी कागद परत आला. दोन्ही रकाने कोणीतरी शाईनं पुन्हा भरले होते, आणि खाली नव्या विभागप्रमुखांचा शेरा होता: "रकाने रिकामे ठेवले. कर्मचारी नवीन आहे, अनुभव नाही. समज द्यावी."