खांबावरचा डबा

"वरचा डबा बंद केल्याशिवाय बोलायचं बटण दाबू नकोस. जळेल तो," बाबांनी तिला बजावलं होतं. तिने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

डबा म्हणजे गच्चीवरच्या उंच खांबाला, अँटेनालगत बसवलेला प्रीअँप्लिफायर. लांबून येणारे क्षीण आवाज तो मोठे करून खाली रेडिओकडे पाठवी. त्याची वीजही त्याच केबलमधून वर जाई. पण बोलताना रेडिओचा सगळा जोर त्याच केबलमधून वर जाई, आणि चालू डब्याला तो झेपत नसे.

"बाबा, पदवीधर आहे मी. बटण दाबता येतं मला."

"बटण कुणालाही दाबता येतं गं. क्रम कुठे येतो?"

रविवारी ती माहेरून निघाली तेव्हा बाबा आंघोळीला गेले होते. लेकीला मांडीवर घेऊन तिने गंमत म्हणून माईक उचलला, बटण दाबलं. डबा चालूच होता. बटण सोडलं तर रेडिओची नेहमीची खरखर पार मंदावलेली. डबा जळला, हे तिला कळलं. तरी तिने माईक जागेवर ठेवला आणि अळीमिळी गुपचिळी.

सोमवारी दहाला, ठरल्या वेळी, ती घरच्या खिडकीत आपला छोटासा संच घेऊन बसली. लेक खांद्यावर पेंगत होती.

"पोरी, आहेस का?" बाबांचा आवाज खणखणीत.

"आहे, बाबा."

"हॅलो? तुझी आई रुसली की घरात असायची, तशी शांतता आहे बघ आज."

तिच्या संचाची ताकद ती केवढी. डब्याशिवाय तिचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

"वरचा सांधा सैल झाला असणार. चढून बघतो. दहा मिनिटांत येतो."

"चढू नका, बाबा. सांधा ठीक आहे. डबा मी जाळलाय. ऐका ना."

खट्. त्यांनी माईक ठेवला होता.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पावणेअकरा झाले. बाबा एकटे राहत, वय बहात्तर, एक गुडघा कामातून गेलेला. आणि ती तीन तासांच्या वाटेवर. शेजाऱ्यांचा नंबर घेऊन ठेवायचं कधी सुचलंच नव्हतं. लेकीला खाली ठेवून तिने, दुसऱ्या कुणाचा डबा शाबूत असेल या आशेवर, पुन्हा माईक उचलला आणि आधी बाबांच्या गावाचं नाव सांगितलं.

"हे जे कोणी ऐकत असाल, तुम्ही जवळपास असाल तर माझ्या वडिलांकडे जाऊन या. पाण्याच्या टाकीमागे, हिरव्या फाटकाचं दुमजली घर. बेल वाजवत बसू नका, जिना बाहेरूनच आहे. गच्चीवर गेलात की आधी खांबावर बघा. तिथे नसले, तर खाली बघा."