अकरा नंबर, बारा नंबर

दुसऱ्या ट्यूबवर लेबल चिकटवताना नावकाकांचा अंगठा थांबला. वॉर्डाबाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर रक्ताच्या दोन ट्यूब ठेवल्या होत्या. दोन्हींची टोपणं जांभळी, दोन्हींतलं रक्त अजून कोमट. डावीकडची अकरा नंबरच्या खाटेची, उजवीकडची बाराची. ट्रेमधून त्यांनी त्या त्याच क्रमानं बाहेर ठेवल्या होत्या. म्हणजे, ठेवल्या असणार. अंगठा पुन्हा फिरला आणि लेबल बसलं. त्यांनी दोन्ही ट्यूब रक्तपेढीच्या खिडकीतून आत सरकवल्या, वहीत वेळ लिहिली, सही केली आणि जिन्यात येऊन परत एकदा फोन लावला. तो नुसता वाजत राहिला.

सव्वीस वर्षं ते या इस्पितळात रक्त काढत होते. 'नावकाका' हे नाव त्यांना परिचारिकांनी ठेवलं होतं, कारण सुई हातात घेण्याआधी ते समोरच्याला पूर्ण नाव विचारायचेच. महिनाभर रोज भेटणारा पेशंट असला तरी विचारायचे. खुद्द मोठे डॉक्टर साखर तपासायला आले, तेव्हा त्यांनाही विचारलं होतं. डॉक्टर हसून म्हणाले, "माझ्या केबिनबाहेर पाटी आहे की हो." नावकाका म्हणाले, "पाटी तुमच्या दाराला आहे साहेब, दंडाला नाही." आठवडाभर ही गोष्ट कँटीनमध्ये फिरत होती.

शनिवारी ते नव्या पोरापोरींचा वर्ग घ्यायचे. सुरुवात नेहमी तुंबड्यांपासून. एके काळी रक्त काढणं हे न्हाव्याचं काम होतं, ज्या वस्तऱ्यानं दाढी त्याच वस्तऱ्यानं शीर. ताप आला काढ रक्त, डोकं दुखलं लाव जळवा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण आली की पोरं हसायची. मग नावकाका आवाज खाली आणायचे. तेव्हा रोग बाहेर काढायला रक्त काढत, आता रोग वाचायला काढतात. वाचायचंय म्हणजे कुणाचं आहे ते आधी कळलं पाहिजे. परवानगीशिवाय टोचलं तर कायद्याच्या भाषेत तो हल्ला. दोनदा शीर सापडली नाही तर तिसऱ्यांदा आपण हात लावायचा नाही, दुसऱ्याला बोलवायचं. रिपोर्टात काय आलं ते पेशंटच्या मर्जीशिवाय कुणालाही सांगायचं नाही, सख्ख्या भावाला नाही. आणि लेबल खाटेशी, पेशंटच्या डोळ्यांदेखत. "दोन पावलं लांब जाऊन लावलेलं लेबल म्हणजे पत्ता चुकलेलं पत्र," असं ते म्हणायचे.

आज सकाळी अकरा नंबरच्या दंडाला पट्टा बांधलेला असताना त्यांच्या खिशात फोन थरथरला. शिरेत सुई होती. ट्यूब भरत असताना त्यांनी मान वाकवून पाहिलं. वरच्या खिशातून अर्धाच पडदा दिसत होता, पण तेवढा पुरला. लेकीचं नाव होतं. शेवटचा फोन पावणेदोन वर्षांपूर्वी आला होता, लग्न केल्याचं सांगायला.

फोन थांबला. नावकाकांनी कापूस दाबला, पट्टा सोडला आणि ट्यूब तशीच ट्रेमध्ये टाकून बारा नंबरकडे वळले. आता पुन्हा वाजायच्या आत हे उरकावं, एवढंच डोक्यात होतं. बाराची ट्यूब भरली आणि फोन खरंच पुन्हा वाजला. ट्रे उचलून ते व्हरांड्यात आले. हातमोजा निघता निघेना. दातांनी ओढून काढला, तोवर फोन बंद झाला होता.

तळमजल्यावरच्या चहाच्या यंत्रापाशी ते कागदी कप घेऊन उभे राहिले. चहा प्यायले नाहीत. ट्रे उचलताना डाव्या हातानं उचलला की उजव्या? वळलो तेव्हा ट्रेही फिरला का? हातमोजा काढताना तो कट्ट्यावर कुठून कसा ठेवला? सगळं डोळ्यांसमोर आणून पाहिलं, तर प्रत्येक वेळी फोनचा पडदा दिसायचा आणि ट्रे पुसट व्हायचा. त्यांनी कप तसाच कचऱ्याच्या डब्यात ठेवला आणि जिना चढायला लागले.

रक्तपेढीत एकटी तंत्रज्ञ ताई होती.

"ताई, अकरा आणि बारा नंबरचं काम थांबव."

"गट निघालेत काका. पिशव्या जुळवायला घेतेय आता. अकराचं ऑपरेशन साडेअकराला आहे."

"टाकून दे दोन्ही. मी परत घेऊन येतो."

तिनं मान वर केली. "का?"

"लेबल खाटेशी लावलं नव्हतं."

"कुणी?"

"मी."

ती हसणार होती, पण त्यांच्याकडे पाहून थांबली. "काका, तुमचा हात आहे तो. कुठली कुणाची, खात्री असेलच ना तुम्हाला?"

"आहे. बरीचशी."

"मग? वर सर्जन बोंबलतील. उगीच स्वतःच्या पायावर धोंडा..."

"खात्री ट्यूबला चिकटवता येत नाही, ताई. वहीत लिही. नाकारलं, कारण लेबल. माझं नाव लिही."

अकरा नंबरवर एक म्हातारा शिंपी होता. बायकामुलं कुणी नाही. भरतीच्या कागदावर नातेवाईक म्हणून शेजारच्या दुकानदाराचा नंबर होता. त्याच्या हाताच्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक होत्या आणि दोन जागी आधीच काळंनिळं झालं होतं. नावकाकांना पाहून तो उशीवर जरा वर सरकला.

"आलात परत?"

"माझी चूक झाली. सकाळचं रक्त वापरता येणार नाही. पुन्हा काढावं लागेल, तुमची परवानगी असेल तर."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर ऑपरेशन लांबेल आणि शिव्या मला बसतील."

शिंप्यानं हात पुढं केला. "घ्या. उलटं शिवलं की उसवावं लागतंच. आमच्या धंद्यात तर गिऱ्हाईक समोर उभं असतं."

"पूर्ण नाव सांगा."

शिंप्यानं सांगितलं. नावकाकांनी मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं. शीर पहिल्याच खेपेला सापडली. लेबल लावताना त्यांनी ट्यूब शिंप्याच्या डोळ्यांसमोर धरली. त्यानं चष्म्याशिवायच ती बारकाईनं पाहिली, मान हलवली आणि म्हणाला, "बसा की दोन मिनिटं. सकाळपासून इथं सगळे येतात ते माझं काहीतरी न्यायला."

नावकाका बसले नाहीत. बसले असते तर त्यांच्यानं उठवलं नसतं.

बारा नंबरभोवती सगळं कुटुंबच होतं. तो बेकरीवाला होता. बायको, दोन मेहुणे, आई. परत टोचणार म्हटल्यावर मोठा मेहुणा अंगावर आला. "एकदा काढून नेलेलं कुठं सांडलंत?" नावकाकांनी त्यालाही तेच सांगितलं, चूक माझी. बेकरीवाल्यानं हात दिला, पण तोंड दुसरीकडे वळवून.

पाऊण तासानं तंत्रज्ञ ताई स्वतःच त्यांना शोधत आली. ते नमुन्यांच्या खोलीत सुयांचा डबा बदलत होते. तिनं दार ओढून घेतलं.

"अकराचा सकाळी ए निघाला होता," ती म्हणाली. "आता बी निघालाय. बाराचं बरोबर उलट."

नावकाकांनी डब्याचं झाकण बसवलं. ते नीट बसलं नव्हतं, म्हणून काढून परत बसवलं. मग स्टुलावर बसले.

"काका, पाणी देऊ?"

"नको."

"मी पिशवी जुळवून वर पाठवलीच होती म्हणा ना. बीच्या माणसाला ए. टेबलावरच गेला असता तो."

"हं."

"पण झालं नाही ना काही." तिनं त्यांच्या खांद्याला हात लावल्यासारखं केलं आणि गेली.

काही झालं नव्हतं, हे खरंच होतं. शिंपी ऑपरेशनला गेला, दुपारी शुद्धीवर आला. बेकरीवाल्याच्या मेहुण्यानं तक्रार वहीत अर्धं पान लिहिलं. इस्पितळ रोजच्यासारखं चाललं होतं. फक्त नावकाकांना दुपारभर आपल्या हातांकडे पाहायची इच्छा होत नव्हती आणि हातांशिवाय तर त्यांचं काम चालत नव्हतं.

लॅबप्रमुख बाईंनी चार वाजता बोलावलं. त्या वयानं त्यांच्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्याच हाताखाली शीर शोधायला शिकल्या होत्या. म्हणून की काय, त्यांनी नोटीस हातात न देता टेबलावर ठेवली.

"तीन दिवसांत लेखी खुलासा द्या. शनिवारचा वर्ग तूर्त दुसऱ्या कुणाकडे देते. मला द्यावाच लागेल, काका."

"बरोबर आहे."

"तुम्ही बोलला नसतात तर आज माझ्यासमोर पोलीस बसले असते. हे मला कळत नाही असं समजू नका." त्यांनी पेन खालीवर केलं. "फोन वाजला म्हणून घाई झाली म्हणता. कुणाचा होता?"

"मुलीचा."

"तातडीचं काही?"

"माहीत नाही. घ्यायच्या आत बंद झाला."

"मग विचारा. घरातली तातडी असेल तर तसं लिहा. कमिटीसमोर त्यानं फरक पडतो. नुसतं 'फोन आला' आणि 'तातडीचा फोन आला' यात नोकरीचा फरक आहे."

घरी आल्यावर नावकाकांनी चप्पल काढली, हात धुतले, पुन्हा धुतले आणि खिडकीपाशी बसले. दोन खोल्यांचं घर. उजेड अजून होता. लेकीला काय लिहावं हे कळेना. पाच वर्षांपूर्वी बायकोचं रक्त त्यांनीच काढलं होतं आणि रिपोर्टही सगळ्यांआधी त्यांनीच पाहिला होता. बायको म्हणाली, "पोरीची शेवटची परीक्षा होऊ दे. तोवर तिच्याजवळ अवाक्षर काढायचं नाही." त्यांनी काढलं नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, बायको म्हणाली आणखी थोडं थांबा, तरी काढलं नाही. लेकीला कळलं तेव्हा तिच्या आईचे अकरा दिवस उरले होते. सगळं आटोपल्यावर ती याच खिडकीपाशी उभी राहून म्हणाली होती, "चार महिने तुम्हाला माहीत होतं. चार महिने माझ्यासमोर बसून जेवलात. बाबा, तुम्ही घरातही लॅबवालेच राहिलात." त्यावर ते म्हणाले होते, "तिनं सांगू नको म्हटलं होतं." हे उत्तर बरोबर होतं आणि तेच नको होतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी लिहिलं, 'सकाळी तुझा फोन आला होता. मी कामात होतो. सगळं ठीक ना?'

ताटवाटी घासून होईपर्यंत उत्तर आलं नव्हतं. त्यांनी आतली खोली झाडली. दिवा लावला. मग फोन एकदाच थरथरला.

'चुकून लागला असेल. बाळाच्या हातात होता फोन.'

नावकाकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत वाचलं. मग पुन्हा वाचलं. काहीतरी लिहायला सुरुवात केली आणि पुसलं. आणखी काही लिहिलं, तेही पुसलं. शेवटी 'बरं' एवढंच पाठवलं आणि फोन पडदा वर करून समोर ठेवला. पडदा विझला की बोट लावून उजळायचा. बराच वेळ ते एवढंच करत होते.

खुलासा त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच दिला, पाच ओळींचा. बाईंनी तो उभ्याउभ्या वाचला.

"'फोन तातडीचा नव्हता.' काका, हे वाक्य नसतं तरी चाललं असतं."

"मग खुलासा अर्धा राहिला असता."

"मुलीशी बोलणं झालं?"

"झालं," नावकाका म्हणाले आणि ट्रे घेऊन निघाले.

त्या दिवशी पहिलं नाव लहान मुलांच्या वॉर्डातलं होतं. एक तरुण बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. पोर तापानं मलूल होतं, तरी डोळे ट्रेवरच्या रंगीत टोपणांवर फिरत होते. नावकाकांनी बाळाचं पूर्ण नाव आईच्या तोंडून घेतलं, पायातली पट्टी वाचली, परवानगी घेतली. तळहातामागची शीर त्यांनी बोटानं चाचपली. सुई गेली. पोरानं आधी नवलानं पाहिलं आणि मग टाहो फोडला. आईनं डोळे मिटून घेतले. अर्ध्या मिनिटात सगळं आटोपलं. कापसावर पट्टी बसली, तेव्हा पोर हुंदके देत आईच्या फोनकडे झेपावलं.

"किती महिन्यांचा?" नावकाकांनी विचारलं.

"नऊ पुरे झाले."

"फोन लावता येतो?"

"लावता येतो कसला?" बाई ओल्या डोळ्यांनी हसली. "हाताला लागला की झालं. परवा माझ्या नणंदेला लावला, तीनदा. ती बिचारी घाबरून घरी आली."

नावकाका ट्यूबवर लेबल लिहीत होते. पोर मुठीनं पडदा बडवत होतं, आणि ते किती जोरात बडवतं, कुठं बडवतं, हे ते लिहिता लिहिता पाहत होते.

"फार हलका हात आहे हो तुमचा," बाई म्हणाली. "मला वाटलं, आता आकांत होणार. घरी नातवंडं असतील, नाही?"

नावकाकांनी लेबल चिकटवलं. कडा अंगठ्यानं दाबली.

"आहे एक," ते म्हणाले.

"हो का! मुलगा की मुलगी?"

लेबल नीट बसलं होतं. नावकाकांनी ट्यूब उजेडाकडे धरली आणि त्यावरचं नाव पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचायला घेतलं.