सोनीबाई, नातं मावशी

करिश्माला नर्सिंगला जायचं होतं, आणि त्यासाठी आधी ती अनाथ असल्याचा दाखला हवा होता. तो मिळाला की अनाथांच्या राखीव जागेवर प्रवेश. आता चंद्रपूरच्या बालगृहात पंधरा वर्षं काढलेल्या पोरीला अनाथ ठरवायला आणखी कसला पुरावा हवा? पण घोडं अडलं ते बालगृहाच्या भेटीच्या वहीत. दर उन्हाळ्यात तिथे एकच नोंद होती: सोनीबाई, नातं मावशी.

सोनीबाई नागभीडकडच्या जंगलातल्या गावची. तीन वर्षांची करिश्मा तिला नागभीडच्या फलाटावर रडताना सापडली होती. तिनेच पोरीला पोलिसांकडे नेलं, तिथून पोर बालगृहात गेली. पण बाईला काही राहवेना. पदरात टेंभरं, तेंदूची पिकली फळं, बांधून ती भेटायला आली. नातेवाइकांशिवाय कोणाला आत सोडत नसत. दारावरच्या पोचूभाऊंनी आपल्या हाताने 'मावशी' लिहिलं आणि फाटक उघडलं. भला माणूस! त्याच्या भलेपणापायी आता पोरीची जागा जायची वेळ आली होती. अर्जाला दोनच दिवस उरले होते.

दाखला देणाऱ्या साहेबांनी सोनीबाईला बोलावून घेतलं. बाई मायेपोटी 'मावशी' म्हणून बसली तर संपलंच सगळं. आधी सांगून ठेवावं, तर कोणत्या तोंडाने?

"तुम्ही हिच्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"कोणीच नाई, साहेब," सोनीबाई लगेच म्हणाली. "फलाटावर सापडली होती मले. अंगठा कुठी मारू?"

करिश्माचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ तिला स्वतःची लाज वाटली.

मग साहेबांनी करिश्मापुढे कागद सरकवला. 'सदर महिला माझी कोणीही नाही.' खाली सही. तिने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. वर्षातून एकदा का होईना, फाटकाशी कोणीतरी आपलं नाव घेऊन विचारतं, एवढ्या एका गोष्टीवर ती मोठी झाली होती.

"कर ना पोरी," सोनीबाई हळूच म्हणाली. "कागदच तर हाये. काऊन रडून राह्यली?"

करिश्माने सही केली. साहेबांनी शिक्का मारला.

दारात पोचल्यावर ती थांबली, आणि साहेबांना, कारकुनांना, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "चल मावशी, चहा पिऊ."

साहेब कागदातच बघत राहिले.