झिजलेला अकरावा चौकोन

"बाई, इलेक्ट्रॉन हरवल्यावर सोडियमला धनलाभ कसा काय होतो?"

मैत्रिणींनी पैज लावून विचारायला लावलेला हा प्रश्न टकळीने विचारला आणि अख्खा वर्ग बाकं बडवून हसला. तिचं तोंड मिटत नसे, म्हणून तिला टकळी म्हणत. मित्रांनो, हसू मलाही आलं असतं. पण मी पडलो आवर्तसारणीचा जुना कापडी तक्ता, प्रयोगशाळेत खिळ्याला टांगलेला.

छापखान्यातून आलो तेव्हा काय माझा रुबाब! अंगावर एकशे तीन मूलद्रव्यं, वर-खाली चकचकीत लाकडी दांड्या. तपासणीला आलेले साहेब "वा!" म्हणून गेले. पुढे नवी मूलद्रव्यं सापडत गेली, तसे बाई कागदी चौकोन लिहून मला खळीने चिकटवत राहिल्या. त्यांची छडी मात्र सोडियमच्या अकराव्या चौकोनावर इतकी वर्षं टेकली, की तिथलं कापड विरून मागची भिंत दिसायला लागली.

त्याच भोकावर छडी ठेवून बाई म्हणाल्या, "धन म्हणजे पैसाअडका नव्हे, शहाणे! अकरा धन प्रोटॉन, अकरा ऋण इलेक्ट्रॉन. फिटंफाट. एक इलेक्ट्रॉन गेला, की एक धन उघडं पडतं. मिळत काहीच नाही गं. जे गेलं, त्याचीच ती खूण."

कुणी हसलं नाही. टकळी तास संपल्यावरही रेंगाळली.

"आणि क्लोरीन? तो तर इलेक्ट्रॉन घेतो. तरी ऋण?"

"घेणारा ऋणीच की!"

"बाई, आता तुम्हीसुद्धा!"

त्यानंतर ती रोज थांबायची. बाई आणि ती माझ्यासमोर तासन्‌तास बोलायच्या. माझ्या म्हातारपणातले तेवढेच चांगले दिवस.

मग बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणीच येणार नव्हतं. वरच्या वर्गांची विज्ञान शाखा बंद झाली. बाटल्या खोक्यांत गेल्या, कपाटं उचलली गेली. माझी खालची दांडी निखळून पडली, ती कुणी उचललीही नाही. मित्रांनो, तुमच्या वर्गात असा तक्ता असेल, तर विरण्याआधी त्याला दोन टाके घाला. आणि त्याच्यासमोर उभं राहून शिकवणारं माणूस जपा. ते गेलं, की आम्ही नुसत्या चिंध्या.

दहावीच्या निकालानंतर त्याच रिकाम्या खोलीत कारकुनांनी टेबल मांडलं आणि पालकांना प्रवेशाच्या अर्जांसाठी बोलावलं. अर्जावर एकच शाखा उरली होती, वाणिज्य. टकळीला विज्ञान हवं तर तिच्या मावशीच्या गावी जाऊन राहायचं, सहा तासांच्या वाटेवर.

"हेच घे गं," आई म्हणाली. "रोज संध्याकाळी घरी तरी येशील. तिकडे गेलीस तर महिना महिना तोंड दिसायचं नाही तुझं."

"वाणिज्यात काय वाईट आहे?" म्हणत बाबांनी पेनाचं टोपण काढलं.

टकळी आईकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मग तिने अर्जावर हात ठेवला.

"बाबा, टोपण लावा. मी मावशीकडे राहणार आणि विज्ञानच घेणार. आई, रडू नकोस ना... आणि रडलीस तरी मी जाणार."