समोरची जागा

आमच्या गटाचा नियम एकच, दिसतं तेच काढायचं. नियम मास्तरांचा. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, पण शिकवायचे काही थांबले नाहीत. दर शनिवारी दुपारी आम्ही सभागृहाच्या वरच्या खोलीत जमतो. मधल्या लाकडी खुर्चीवर एक जण बसतो आणि बाकीचे भोवती गोल करून त्याला रंगवतात. प्रत्येकाची जागा ठरलेली. फरशीवर ज्याच्या त्याच्या रंगांचे डाग पडलेत, आणि दुसऱ्याच्या डागांवर ईझल मांडलं तर चांगली शिकलेली माणसंसुद्धा इथे हमरीतुमरीवर येतात. खुर्चीच्या बरोबर समोरची जागा माझी.

माझी थोरली बहीणही या गटात होती. ताईनेच मला हाताला धरून इथे आणलं. यंदा ती गेली, साधा ताप म्हणता म्हणता गेली. लहानपणापासून ती मला समोर बसवून काढायची, डाव्या हाताने, आणि तिचं एकच पालुपद असायचं, "हलू नकोस गं." चेहरा ती सगळ्यात शेवटी करायची. "आधी माणूस नीट बसू दे, मग चेहरा आपोआप येतो," म्हणायची. तिने माझं काढलेलं शेवटचं चित्र तिच्या खोलीत भिंतीला टेकून उभं आहे. निळा स्वेटर झालाय, हात झालेत, मानेपर्यंत सगळं झालंय. वर कोरा कॅनव्हास.

यंदाच्या प्रदर्शनात सगळ्यांनी रिकामी खुर्ची काढायची, ताईची आठवण म्हणून, असं मास्तरांनी ठरवलं. मला ते अजिबात पटलं नव्हतं. ताई त्या खुर्चीवर कधी टिकलीच नाही. मॉडेल म्हणून बसवली की लगेच तिच्या पायाला मुंग्या यायच्या. तिची ती कधी न पुसलेली रंगांची पेटी काढली असती, तर एक वेळ समजलं असतं. पण मी भांडले नाही. शनिवारी जाणंच सोडलं. ब्रश हातात धरवत नव्हता, आणि सगळे मिळून माझ्याकडे 'बिच्चारी' म्हणून बघणार, ते तर मुळीच सोसलं नसतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मात्र गेले, कारण चित्रं टांगायचं काम माझं. दुसऱ्या कुणाला दिलं तर एक खिळा सरळ लागत नाही. खालच्या सभागृहात मी चित्रं वरच्या जागांच्याच क्रमाने लावली, माझ्या चित्रापुरती भिंत मोकळी सोडली आणि मागे सरून बघितलं.

काहीतरी खटकलं. त्या खुर्चीच्या पाठीला उभ्या पट्ट्या आहेत आणि मागे खिडकी. दुपारी पट्ट्यांच्या फटींतून ऊन येतं आणि खुर्चीच्या पुढ्यात फरशीवर उन्हाच्या रेघा पडतात. इतकी वर्षं बघतेय मी. एकाही चित्रात त्या रेघा नव्हत्या. फरशीवर नुसती भरीव सावली.

"रेघा कुठे गेल्या?" मी विचारलं. "सगळे डोळे घरी ठेवून आला होतात की काय?"

बँकेतल्या मावशी लगेच फणकारल्या. "मला दिसलं ते काढलं मी."

"मीही," दातांचा डॉक्टर म्हणाला. मग आपल्या चित्राजवळ गेला, चष्मा कपाळावर सरकवून बघू लागला. "अरेच्चा. हे मी असं का केलं?"

मास्तर कुणाची चूक हातची सोडत नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, सगळ्या चित्रांवरून एक फेरी मारली आणि स्वतःच्या चित्रापाशी येऊन पेन्सिल परत खिशात ठेवली. "खुर्ची रिकामीच होती गं," ते मला म्हणाले. खुर्चीबद्दल मी काही विचारलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, आत्ता पटकन रेघा मारून टाकतो, कुणाला कळणार नाही. मी म्हटलं, कुणी हात लावला तर याद राखा.

मग मी एकेक चित्र नीट बघत गेले. मावशींच्या चित्रात सावलीला खांदा होता. डॉक्टरच्या चित्रात कोपर, जरा उचललेलं. मास्तरांच्या चित्रात सावलीतून एक हात लांब पुढे गेलेला, मुठीत काडीसारखं काहीतरी, अंगठा वर. माप घेताना आम्ही ब्रश असाच धरतो, एक डोळा मिटून. हात डावा होता.

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षा हाव मोठी होती. या सगळ्यांना तिची सावली तरी मिळाली होती, बाजूने, पाठीमागून, स्वतःच्याही नकळत. समोरून बघायची जागा एकट्या माझी. मला तिचा चेहरा बघायचा होता. एकदा, बस्स. मी कोरा कॅनव्हास उचलला. "ऊन आहे तोवर बसते," एवढं म्हणून वर गेले.

माझ्या डागांवर स्टूल ठेवलं, ईझल मांडलं आणि मान वर केली. खुर्ची रिकामी. पुढ्यात उन्हाच्या रेघा, शाळेच्या वहीत आखाव्यात तशा स्वच्छ.

रडू आलं, पण त्याआधी राग आला. "परक्यांना भेटतेस," मी मोठ्याने म्हटलं, "आणि सख्ख्या बहिणीला नुसत्या रेघा?" डोळे बारीक केले, पुढे वाकले, मागे रेलले, स्टूल इकडे तिकडे सरकवलं. खुर्ची ती खुर्चीच.

शेवटी निदान खुर्ची तरी काढावी म्हणून ब्रश पुढे धरून माप घ्यायला गेले, आणि हात तसाच राहिला. मॉडेल कधी माप घेत नाही. ताई खुर्चीवर बसली होती, पण कुणी तिला काढावं म्हणून बसली नव्हती. इतके शनिवार ती ब्रश पुढे धरून समोरच्या जागेचं माप घेत होती, आणि समोरच्या जागेवर कुणी नव्हतं. मी घरी बसले होते.

मी ईझल बाजूला केलं, मधे अडचण नको म्हणून. स्टूल पुन्हा डागांवर आणलं. ब्रश खाली ठेवला, हात मांडीवर घेतले, मान तिला हवी असायची तशी जराशी उजवीकडे कलती केली. आणि हलले नाही. नाकाला खाज सुटली, तरी नाही. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं, ते गळू दिलं.

फरशीवरची कडेची रेघ विझली. मग तिच्या शेजारची. मग उरलेल्या सगळ्या. खिडकीत ऊन होतं तसंच होतं.

जिन्यावर मास्तरांची पावलं वाजली. ते दारातच थांबले. "झालं का गं? खाली तुझी जागा मोकळी आहे अजून."

"हळू बोला," मी ओठ न हलवता म्हटलं. "चेहऱ्यावर आलीये ती आत्ता."