एका 'राइट'चे किती अर्थ!

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-रशियन शब्दकोश आहे. दूरच्या थंड देशात माझी छपाई झाली. एका शब्दाला एक अर्थ पुरतो, असेच मला तेव्हा वाटायचे. विक्टर नावाच्या विद्यार्थ्याने मला विकत घेतले. तो रोज मला उघडायचा, पेन्सिलीने खुणा करायचा. पुढे तो इंजिनिअर झाला, त्याच्या हातात फोन आला आणि मी बॅगेच्या तळाशी गेलो.

त्याच बॅगेतून मी भिवंडीला आलो. अब्दुर्रहमानशेठच्या कारखान्यात विक्टरला नवा यंत्रमाग बसवायचा होता. मदतीला होती जवळच्या अंजूर गावची सुपरवायझर निशाताई.

क्रेनच्या साखळीला टांगलेला माग हळूहळू खाली येत होता. ठीक येतोय का, असे विक्टरने हातानेच विचारले. निशाताई ओरडली, "राइट, राइट!"

विक्टर चटकन उजवीकडे सरकला. थेट मागाखाली!

"थांबव!" निशाताईने किंकाळी फोडली. क्रेनवाल्याने साखळी रोखली. माग विक्टरच्या डोक्यावर वीतभर अंतरावर लटकत राहिला.

शेठ धावत आले. "माणूस मेला असता! उजवीकडे का पाठवलंस त्याला? उद्यापासून येऊ नकोस."

"शेठ, 'बरोबर हाय' म्हटलं मी. उजवीकडं जा म्हटलं न्हाय!" तिचे डोळे भरून आले.

तिचे रडणे पाहून विक्टरने फोनवर 'राइट' हा शब्द तपासला. फोन एकच अर्थ दाखवत होता: उजवीकडे. मग त्याने मला बाहेर काढले. कित्येक वर्षांनी माझ्या पानांवर उजेड पडला. त्याचे बोट ओळींवरून उतरू लागले. उजवा. बरोबर. सरळ. ताबडतोब. हक्क. बोट मागे गेले आणि 'बरोबर'वर थांबले.

"नो, शेठ! शी सेड करेक्ट!"

निशाताई माझ्यावर वाकली. विक्टरने खुणांनी आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला एकेक अर्थ समजावला.

"राइट म्हंजे हक्क पन? एवढुशा शब्दात एवढं सगळं?" ती पाहतच राहिली. मित्रांनो, मीही थक्क झालो! हे सारे जन्मभर माझ्याच पोटात होते.

शेठ खाली मान घालून म्हणाले, "चुकलं माझं. उद्या ये."

"येनारच," निशाताई म्हणाली. "पन पुढच्या वक्ताला आधी मला इचारा."

मित्रांनो, कुणाचा शब्द कानावर पडला, तर त्याला काय म्हणायचे होते तेही विचारा. आणि आम्हा जुन्या कोशांना अधूनमधून उघडत जा. आमच्यात काय दडले आहे, ते आम्हालाही तेव्हाच कळते.